आधी रिकामं मोजा

बी.एस्सी.च्या पहिल्या दिवशी मी अर्धा तास आधी वर्गात पोहोचले. आमच्या घरात कॉलेजात जाणारी मी पहिलीच, त्यामुळे किती आधी जायचं असतं हे विचारायला कुणी नव्हतं. दारापाशी आले तर आत एक सर हजेरी घेत होते. उंच, सडपातळ, शर्टाच्या खिशात तीन पेनं. ते एकेक नाव घ्यायचे, थांबायचे, कान देऊन ऐकायचे आणि पुढचं नाव घ्यायचे. वर्गात कुणीच नव्हतं.

काय करावं कळेना म्हणून दारातच उभी राहिले. तेवढ्यात माझं नाव आलं. मी भीतभीत म्हणाले, "हजर, सर."

सरांनी मान वर केली. चेहऱ्यावर राग नव्हता, पण मोठी अडचण झाल्यासारखं वाटत होतं.

"तुम्ही आत्ता असायला नको होतं," ते म्हणाले. "आता पुन्हा पहिल्यापासून घ्यावी लागेल. दहा मिनिटं बाहेर थांबाल का, बेटा?"

मी बाहेर जाऊन थांबले. त्यांनी रिकाम्या वर्गाची हजेरी पुन्हा घेतली. शेजारी कला शाखेचा वर्ग भरलेला होता. मधे फक्त पत्र्याची भिंत. तिकडून कुणीतरी गंमत म्हणून तीन वेळा "हजर" ओरडलं. सरांनी वहीत लिहिलं, "पार्श्वभूमी : तीन." मग मुलं आली, खरी हजेरी झाली, आणि आलेल्या आकड्यातून सरांनी तीन वजा केले.

ते मुजावर सर. भूमच्या आमच्या कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवायचे. जीवशास्त्राची जागा कित्येक वर्षं भरलेलीच नव्हती, म्हणून पेशी, ऊती आणि बेडूकही त्यांच्याकडेच होते. त्यांनी तक्रार केल्याचं मी कधी ऐकलं नाही. अणूच्या मधे केंद्रक, पेशीच्याही मधे केंद्रक, मग मधलं बघायची सवय असलेल्या माणसाला कुठं लांब जायचंय, एवढंच म्हणायचे.

त्यांच्या सगळ्या वागण्याच्या मुळाशी एक मशीन होतं. जुनं गायगर मोजयंत्र, वीट उभी धरावी एवढं. वातावरणातून येणारा बारीक कण त्यात शिरला की ते 'टक' करायचं. काहीही पुढ्यात ठेवलेलं नसलं तरी मिनिटाला वीस-बावीस वेळा टकटकायचंच, कारण असे कण जमिनीतून, आकाशातून, भिंतींतून सगळीकडून येत असतात. म्हणून कुठलीही वस्तू मोजण्याआधी समोर काही न ठेवता मोजायचं, तो आकडा लिहायचा, आणि मग वस्तूच्या आकड्यातून वजा करायचा. हा प्रयोगशाळेचा साधा नियम आहे, आम्ही सगळ्यांनी तो पाठ केला होता. सरांनी मात्र तो आयुष्याला लावला होता. "आधी रिकामं मोजा" हे वाक्य त्यांच्याकडून आम्ही दिवसाला चार वेळा तरी ऐकायचो. भाजी घेताना आधी रिकामं पारडं. एसटीत चढताना आधी रिकामी बाकडी. प्राचार्यांचं भाषण सुरू होण्याआधी ते सभागृहात जाऊन शांतता मोजून यायचे, आणि भाषण झाल्यावर फारसा फरक पडला नाही असं प्रामाणिकपणे सांगायचे.

यातून अडचणी व्हायच्या. पोळ्याच्या दिवशी वर्गात आम्ही दोघीच होतो आणि पलीकडून तीन "हजर" आले होते. सरांनी हजेरी भरली : उणे एक. ऑफिसातल्या क्लार्कने वही परत पाठवली. कॉलेज सुरू झाल्यापासून उणे विद्यार्थी कधी आला नाही, आणि आला तर त्याची फी कुठल्या रकान्यात घ्यायची ते कळवावं, असा त्याचा निरोप होता. सरांनी त्यावर बराच विचार केला. शेवटी आमच्या दोघींकडे बघून म्हणाले की आकडा बरोबर आहे, पण तुम्ही दिसताय हेही खरं आहे.

आता ज्यासाठी हे लिहायला घेतलं ते सांगते. नीट सांगता येईल की नाही, शंका आहे.

सरांची पीएच.डी. राहिली होती. विद्यापीठात नाव नोंदवून कितीतरी वर्षं झाली होती. दोनदा मुदत वाढवून मिळाली होती, आणि निवृत्त होतील त्या मे महिन्यात ती कायमची संपणार होती. त्यांचा प्रश्न एकच होता, आणि त्यांना त्याचं एक 'हो' किंवा एक 'नाही' हवं होतं. गॅसबत्तीच्या जुन्या जाळीत थोरियम असतं. थोरियमच्या अणूचं केंद्रक आपोआप मोडत राहतं, आणि मोडताना त्यातून कण सुटतात. त्या जाळीशेजारी कांदा उगवला, तर कांद्याच्या मुळातल्या पेशींची केंद्रकं दुखावतात का? पेशी विभागताना केंद्रक दुखावलेलं असलं तर त्याचा एक तुकडा बाजूला पडतो. सूक्ष्मदर्शकातून तो बुंदीच्या दाण्याशेजारी पडलेल्या राईएवढ्या थेंबासारखा दिसतो. त्याला सूक्ष्मकेंद्रक म्हणतात. ते थेंब मोजायचे, एवढंच काम होतं. एका केंद्रकाचं मोडणं दुसऱ्या केंद्रकाला कळतं का, असं सर त्याबद्दल विचारायचे. मला ते वाक्य इतकं आवडलं की मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं.

जाळ्या मिळाल्या सोनारी गावाकडच्या एका बत्तीवाल्या काकांकडे. यात्रेत आणि वरातीत बत्त्या पुरवायचा त्यांचा जुना धंदा. वीज आली, जनरेटर आले, आणि जुन्या जाळ्या पत्र्याच्या पेटीत पडून राहिल्या. सर मला आणि माझ्या दोन मैत्रिणींना घेऊन गेले. आधी रिकाम्या अंगणात मशीन धरलं, मग पेटी उघडली. मशीन तडतडायला लागलं, तव्यावर मोहरी पडावी तसं. काका दोन पावलं मागे सरले.

"आमच्या आज्ज्यापासून ह्याच उजेडात लग्नं लागली की, सर."

"टिकली का?" सरांनी विचारलं.

"टिकली."

"मग काळजी नाही."

काकांचं समाधान होईना. मलाबी मोजा म्हणाले. सरांनी त्यांच्या छातीपुढे एक मिनिट मशीन धरलं. अंगणाच्या आकड्यापेक्षा एक कमीच आला. काका हळूच म्हणाले, "म्हंजी माझ्यात कायच न्हाय?" सर घाईघाईने म्हणाले की एवढा फरक मोजण्यात होतोच, आणि मग त्यांनी काकांना निवांतपणे पाच वेळा मोजलं, सरासरी शून्याच्या वर येईपर्यंत. आयुष्यात त्यांनी मोजणीत दिलेली ही एकच सवलत असावी.

कांदे आठवडी बाजारातून यायचे. सगळे एका आकाराचे, एकाच वाफ्यातले हवेत, आणि घेण्याआधी मशीनने तपासायचे. सरूबाई नावाच्या भाजीवाल्या होत्या. पहिल्या दिवशी त्या म्हणाल्या, "सर, नासला कांदा टकटक करत न्हाय, वास मारतो." पण पुढच्या बाजारी आम्ही गेलो तर त्या ओरडत होत्या, मशीननं तपासलेला कांदा, मशीननं तपासलेला. भोवती हीऽऽ गर्दी. सर कळवळले. गर्दीत शिरून एकेका गिऱ्हाईकाला सांगू लागले की तपासला हे खरं आहे, पण त्यात काहीच निघालेलं नाही.

"त्येच इकायलेय मी," सरूबाई म्हणाल्या. "कायच न निघालेला कांदा. तुमी सरका जरा."

प्रयोगशाळेत लांब टेबलावर कांद्यांच्या दोन रांगा होत्या. पाण्याने भरलेल्या बाटल्यांच्या तोंडावर एकेक कांदा, बुड पाण्याला टेकलेलं. पहिल्या रांगेमागे लाकडी चौकट, तिच्यावर टाचलेल्या जाळ्या. दुसरी रांग टेबलाच्या पार दुसऱ्या टोकाला, तिच्यामागे काही नाही. दुसरी रांग म्हणजे सरांच्या भाषेत 'रिकामी'. दर काही दिवसांनी मुळं कापायची, रंगवायची, काचेवर अंगठ्याने दाबायची आणि मोजायची. मोजायला आम्ही तिघी. कुठली काच कुठल्या रांगेतली ते आम्हाला माहीत नसायचं, काचांवर नुसते नंबर असायचे आणि नंबरांची वही सरांच्या कपाटात कुलपात. शंभर पेशी झाल्या की वाटीत एक चिंचोका टाकायचा. पहिल्या आठवड्यात सरांनी आम्हाला कांदाच नसलेल्या काचा मोजायला लावल्या. माझ्या मैत्रिणीला त्यात एक सूक्ष्मकेंद्रक सापडलं. तो हवेचा बुडबुडा निघाला. आणि आम्ही कॉलेजात येण्याआधी, चौकटही नसताना, एक पूर्ण हंगाम सरांनी दोन्ही रांगा जाळीविनाच मोजून घेतल्या होत्या. प्राचार्य म्हणाले होते, वर्ष वाया घालवलंत. सर म्हणाले होते, आधी रिकामं.

कांद्यांचं पाणी बदलायचे ते गायकवाड मामा. प्रयोगशाळेचे परिचर, कॉलेजच्या मागेच एका खोलीत राहायचे. मामांचा हात फार मोजका होता. खडू वाटायचे तर वर्गांना सारखे तुकडे करून. पंधरा ऑगस्टला बुंदीची पुडी कुणाला जास्त नाही, कुणाला कमी नाही, प्राचार्यांनाही तेवढीच. सरांचा त्यांच्यावर डोळे मिटून विश्वास होता. सकाळी दहाला सर यायचे, पहिल्या रांगेपाशी मशीन धरायचे, दुसऱ्या रांगेपाशी धरायचे, दोन्ही आकडे लिहायचे. पहिली तडतडायची, दुसरी नाही. तीन वर्षं एकही दिवस चुकला नाही.

शेवटच्या मार्चमध्ये प्राचार्य प्रयोगशाळेत आले. वाईट माणूस नव्हते, सरांना पदवी मिळावी असं त्यांना मनापासून वाटत होतं. मुलींना सांगा, पहिल्या रांगेला जरा सढळ हाताने मोजा, म्हणाले. सर म्हणाले, त्यांना रांगच माहीत नाही. प्राचार्य म्हणाले, मग सांगा की. सर हसले. सांगितलं तर त्यांना बसवून काय उपयोग, मीच लिहिलं असतं, म्हणाले. मी कोपऱ्यात सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसले होते. खरं सांगायचं तर त्या दिवशी मला वाटलं, सांगून टाकलं असतं तर बरं झालं असतं. माझ्याच्याने झालं असतं तर त्या कांद्यांना मी हवी तेवढी सूक्ष्मकेंद्रकं दिली असती.

मेच्या शेवटच्या आठवड्यात नंबरांची वही कपाटातून निघाली. सर नंबर वाचायचे, मी त्यापुढचा आकडा सांगायची, एक मैत्रीण रांगेनुसार लिहायची, दुसरी बेरीज करायची. दुपारी बेरजा झाल्या. दोन्ही रांगा जवळजवळ सारख्या.

म्हणजे उत्तर 'नाही', असं मला वाटलं. रडू येत होतं पण आवरलं. सर मात्र रडण्याच्या किंवा हसण्याच्या जागी नव्हतेच. ते जुनी वही उलटत होते, जाळ्या येण्याआधीच्या हंगामाची. तो आकडा यांच्या निम्म्याहूनही कमी होता.

"पहिली रांग वाढली, ते समजतं," सर म्हणाले. "तिला जाळी होती. दुसरीला काहीच नव्हतं. मग ती कशी वाढली?"

दोन दिवस त्यांनी खोली शोधली. पाणी मोजलं, टेबल मोजलं, भिंत मोजली, दुसऱ्या रांगेवरची पाल मोजली. रिकाम्या बाटल्या मोजल्या. काही सापडलं नाही. तिसऱ्या दिवशी, मुदत संपायला दोन दिवस राहिले असताना, त्यांनी शोध थांबवला, मामांना बोलावलं, खुर्चीवर बसवलं आणि आम्हा सगळ्यांसमोर त्यांचे आभार मानले. तीन वर्षं न चुकता पाणी दिलंत, म्हणाले. मामा लाजले.

"नुसतं पानी न्हाय, सर," ते म्हणाले. "बत्तीबी."

"बत्ती?"

"ती चौकट. रोज सांच्याला पाचला त्या रांगंला लावायचो, पहाटं पाचला परत ह्या रांगंला. घड्याळ लावून. बारा तास ह्यांना, बारा तास त्यांना. आयतवारीबी सोडलं न्हाय."

 

"पहिल्या दिवसापासून?" सरांनी विचारलं.

"व्हय." मामांच्या लक्षात आलं की काहीतरी झालंय. "चुकलं का, सर? एका रांगंला बत्ती, आन दुसरी पल्याड एकटी, तिला काय न्हाय. मला बघवंना. आमाला शाळंत असंच पल्याड बसवायचे. मास्तरांचा दिवा तिथवर यायचा न्हाय."

 सरांनी विचारलं, "दोन्हींना अगदी सारखी मिळाली?"

"मिनिटाचाबी फरक न्हाय."

"मग आकडे सारखेच यायला पाहिजेत," सर म्हणाले, आणि आमच्याकडे वळले. "आणि सारखेच आले. तिघींनी बरोबर मोजलंत."

मला आजवर मिळालेलं हे सगळ्यात मोठं प्रमाणपत्र. तेव्हा मात्र कळलंच नाही.

प्राचार्यांना हे समजलं तेव्हा त्यांनी लगेच वाट काढली. जाळ्यांच्या आधीचा तो हंगाम आहे ना, तोच 'दुसरी रांग' म्हणून लिहून टाका. फरक दिसतोय, उत्तर 'हो' येतंय, दोन दिवस हातात आहेत, कोण बघायला येणार आहे. सर म्हणाले, ते कांदे वेगळ्या सालचे आहेत, वेगळ्या पाण्याचे, ती दुसरी रांग नव्हे. उत्तर बहुतेक 'हो' आहे असं मलाही वाटतं, पण 'बहुतेक'वर मी सही करणार नाही. मग प्राचार्य म्हणाले, निदान परिचराच्या चुकीमुळे प्रयोग बिघडला असं कळवा, विद्यापीठ विचार करील. मामांच्या निवृत्तीला वर्षच राहिलं होतं, असं पत्र गेलं असतं तर त्यांच्या नावावर लागलं असतं.

सरांनी पत्र माझ्यासमोरच लिहिलं. अक्षर नेहमीसारखं सावकाश. सगळी हकिगत, पाचचं घड्याळ, बारा-बारा तास, सगळं. शेवटी चूक कशी झाली ते लिहिलं : "मी दोन्ही रांगा तीन वर्षं रोज मोजल्या. दोन रांगा का केल्या आहेत हे मात्र रोज त्यांना पाणी देणाऱ्या माणसाला एकदाही सांगितलं नाही. चूक माझी." खाली आणखी एका हंगामाची मुदत मागितली होती.

उत्तर सरांच्या निवृत्तीनंतर आलं. मुदत नाही. नोंदणी रद्द.

मी आता संभाजीनगरला एम.एस्सी. करते. दिवाळीच्या सुट्टीत भूमला गेले तेव्हा सरांच्या घरी गेले. दारात मामाच बसलेले होते, निवृत्तीला अजून सहा महिने होते, पण सुट्टीचा दिवस इथंच. ओसरीच्या एका टोकाला कांद्यांची रांग, मागे चौकट, चौकटीवर जाळ्या. दुसऱ्या टोकाला दुसरी रांग. तिच्यामागेही चौकट, तिच्यावरही जाळ्या.

मी घाबरले. पुन्हा तेच झालं की काय, असं वाटलं. सरांनी दुसऱ्या चौकटीपुढे मशीन धरलं. ते आपलं नेहमीसारखं, सावकाश टकटकत राहिलं.

"नव्या जाळ्या आहेत," सर म्हणाले. "आजकाल यात थोरियम घालत नाहीत. दिसायला तीच, सावली तीच. फक्त कण नाहीत. आधीच्या प्रयोगापेक्षा हा चांगला आहे. त्यात नुसती चौकट असण्यानसण्यानेही फरक पडला असता, हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं." मग मामांकडे हात करून म्हणाले, "कल्पना यांची."

"दोघांनाबी पायजे म्हणलं," मामा म्हणाले. "मग कुणाची काय तक्रार न्हाय."

हे कुठं पाठवणार, कोण छापणार, मी विचारलं नाही. मोजणार कोण, एवढंच विचारलं. सर म्हणाले, मामा शिकताहेत. वाटीत चिंचोके होते.

मला बसायला खुर्ची दिली. बसणार तेवढ्यात सरांनी थांबवलं. आधी रिकाम्या खुर्चीपुढे एक मिनिट मशीन धरलं, मामांनी घड्याळ लावलं. एकवीस. मग मला बसवलं, पुन्हा एक मिनिट. तेवीस. सरांनी वजाबाकी केली आणि खिशातलं मधलं पेन काढलं.

"दोन," ते म्हणाले. "मोजण्यातल्या चुकीच्या मर्यादेत आहे. पण लिहून ठेवतो."

चहा झाला. दारासमोरच जीप थांबते, मी मागच्या बाकावर जागा धरली. जीप वळताना मागे बघितलं. वाटलं होतं, दोघं दारात हात हलवत असतील. सर ओसरीवरच होते, माझ्या खुर्चीपुढे मशीन धरून, मान जराशी कलती करून ऐकत. मामा शेजारी उभे राहून घड्याळ बघत होते. मिनिट अजून पुरं व्हायचं होतं.